परत न आलेली हाक

मला शांतता हवी होती. कॉलेजच्या कामासाठी, रेकॉर्ड करून आणायला. त्या निमित्तानं आम्ही तिथे गेलो, दुसरं काहीच कारण नव्हतं.

दुबईत आर्किटेक्चरचं मास्टर्स करायला आले, त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. राहायला अल बर्शात, सुनेत्रामावशीकडे. आमच्या एका सरांनी असाइनमेंट दिलं होतं: या देशातली तुम्हाला सापडलेली सगळ्यात शांत जागा शोधा आणि तिथला आवाज टिपून आणा. ऐकायला सोपं वाटतं. पण इथे शांतता नावाची गोष्ट मिळत नाही. घरात एसी, बसमध्ये एसी, मॉलमध्ये एसी. सगळं गाव झोपलं तरी भिंतीच्या आत काहीतरी घरघरत असतं. मावशीला तर एसी बंद पडला की जाग येते.

"माझ्या गोडाऊनला ये," राजाभाऊकाका म्हणाले. मावशीचे यजमान. रास अल खोरला त्यांचं स्पेअर पार्ट्सचं गोडाऊन आहे. "सध्या धंदा इतका शांत आहे, की तुला फर्स्ट प्राइज मिळेल."

"डॅड, दॅट्स नॉट फनी," त्यांची लेक इशिता मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली.

शेवटी जागा शोधली ती शहनाझनं.

शहनाझ माझ्या वर्गातली, मूळची मिरजेची. आधी शारजाला एका इंटिरियरवाल्याकडे नोकरी करत होती, मग पैसे साठवून पुन्हा शिकायला लागली. तिच्याकडे एक जुनी पांढरी गाडी होती आणि दर शनिवारी ती गाडी घेऊन आम्ही दोघी कुठेतरी निघायचो. कधी खोर फक्कानचा समुद्र, कधी हत्ताचं धरण, कधी नुसतंच पेट्रोल पंपावरचा कडक चहा पिऊन परत. ती अखंड बोलायची. गाडी चालवताना बोलायची, खाताना बोलायची. आणि संध्याकाळ झाली की कुठेही असो, गाडी बाजूला घेऊन मिरजेला अम्मीला फोन लावायची. अम्मीची नजर काचबिंदूनं गेलेली. व्हिडिओचा काही उपयोग नाही.

"अम्मीला माझा चेहरा आता आवाजातच दिसतो," ती एकदा म्हणाली होती.

तर, ती जागा. रास अल खैमाच्या पलीकडे डोंगरात एक वादी आहे. नाव मी सांगणार नाही. वादी म्हणजे कोरड्या नदीची घळ. पाऊस पडला तर वाहते, एरवी नुसते गोटे. गाडी तोंडाशी लावायची आणि चालत आत शिरायचं. दोन्ही बाजूंना करड्या दगडाच्या उंच भिंती. एका वळणानंतर जुन्या दगडी घरांचे चौथरे लागले, छप्परं कधीच गेलेली. त्यांच्या मधोमध खजुराची थोडी झाडं मात्र हिरवीगार. झाडांच्या बुंध्याशी दगडी पन्हळीतून बोटभर पाणी वाहत होतं. सडलेल्या खजुराचा आंबूस वास आणि ओल्या दगडाचा वास. बाकी काही नाही. वारा नाही, पाखरू नाही.

"ऐक," मी म्हणाले.

"काय?"

"तेच तर. काहीच नाही!"

मला इतका आनंद झाला की मी रेकॉर्डर गाडीतून उतरल्यापासून चालूच आहे हेसुद्धा विसरले. मग आम्ही फुगे काढले. हसू नका, ती रीतच आहे. फुगा फोडायचा आणि तो फाटकन झालेला आवाज भिंतीवर आपटून कसा परत येतो ते टिपायचं. पहिला फुगा फोडला. आवाज समोरच्या कड्यावर गेला, तिथून मागच्या कड्यावर, आणि मग लांब कुठेतरी आत विरला. सुंदर! मी ओरडले, "शहनाऽऽझ!" दोनदा तिचं नाव परत आलं, स्वच्छ, काठ न मोडता.

"आता मी," ती म्हणाली. तोंडाभोवती हातांचा पेला केला आणि पोटातून हाक मारली, "अम्मीऽऽऽ!"

आम्ही वाट पाहिली.

काही आलं नाही.

तिनं पुन्हा हाक मारली. कडा तसाच. जणू आवाज भिंतीत शिरला आणि आत राहिला.

"तुझी उभं राहायची जागा चुकली असेल," मी म्हणाले. मला खरंच कुतूहल वाटलं. मी तिला माझ्या जागी उभं केलं, मी तिच्या जागी गेले. माझा आवाज परत येत होता, तिचा येत नव्हता. टाळी वाजवली तर तिची टाळीसुद्धा परत आली. फक्त तोंडचा आवाज नाही.

"डोंगराला मी आवडले नाही," ती हसत म्हणाली. "यल्ला, चल, भूक लागली."

परत निघालो, तेव्हा वादीच्या तोंडाशी एक स्थानिक कुटुंब शेगडी पेटवून बसलं होतं. मांस भाजल्याचा वास येत होता. आम्ही हात हलवला, त्यांनीही हलवला. लक्षात राहावं असं तेव्हा काही वाटलं नाही.

घरी येऊन मी हेडफोन लावले. सुरुवातीला गाडीचं दार, आमची पावलं, शहनाझची बडबड. कुठल्या तरी लग्नातल्या बिर्याणीची गोष्ट सांगत होती. मग फुगा. मग माझी हाक, तिचे दोन प्रतिध्वनी. मग तिचं "आता मी".

त्यानंतर शांतता.

मला वाटलं, बॅटरी गेली. पण नाही. पाणी वाहिल्याचा बारीक आवाज येत होता. आणि मग माझा आवाज, "तुझी उभं राहायची जागा चुकली असेल." पुन्हा रिकामं. मग मी हसले. मग मी म्हणाले, "हो, मलापण." मग पुन्हा रिकामं, आणि मी, "छे गं, असं कसं?"

गाडीपर्यंतचा सगळा रस्ता मी बोलत होते, थांबत होते, उत्तरं देत होते. आणि माझ्याबरोबर कुणीही नव्हतं.

मी शहनाझला फोन लावला. रिंग गेली, तिनं उचलला, असं स्क्रीनवर दिसलं. पलीकडे काही नाही. "हॅलो? हॅलो?" मी ओरडत होते. मग तिचा मेसेज आला: "अगं मी बोलतेय! तुलापण येत नाहीये का? अम्मीलापण नाही आलं!"

सोमवारी कॉलेजात भेटलो तेव्हा ती नेहमीसारखी बोलत होती. समोर उभी राहिली की ऐकू येत होतं. फक्त यंत्रातून जात नव्हतं. तिचा फोन, माझा फोन, कॉलेजचा लँडलाइन, सगळे करून पाहिले. व्हॉइस नोट पाठवली की लांबी दिसायची, आत काही नाही. मला याचं भय नव्हे, नवल वाटत होतं. मी तिचा आवाज कॉम्प्युटरवर घेतला आणि पडद्यावर पाहिलं. तिच्या प्रत्येक शब्दाच्या जागी सपाट रेघ. मी बोलले की डोंगर उठायचे, ती बोलली की सपाट.

"यावर रिसर्च पेपर लिहिण्यासारखं आहे," मी म्हणाले.

"तू पेपर लिही," ती म्हणाली. "मला अम्मीशी बोलायचंय."

त्या आठवड्यात अम्मींशी मीच बोलले. शहनाझ शेजारी बसायची आणि मी सांगायचे, "अम्मी, तिचा घसा बसलाय. डॉक्टर म्हणाले, बोलू नको." पलीकडून अम्मी म्हणायच्या, "कोमट पाणी पी म्हणावं तिला. आणि रात्री दही खाऊ नको म्हणावं." शहनाझ मान हलवायची, डोळे पुसायची.

शुक्रवारपर्यंत आणखी एक गोष्ट व्हायला लागली. कॅन्टीनमधला माणूस तिला "काय?" म्हणून दोनदा विचारायचा. वर्गात तिनं हजेरी दिली तरी सरांनी मान वर करून नाव पुन्हा घेतलं. मावशीकडे जेवायला आली तेव्हा इशितानं मला कानात विचारलं, "व्हाय इज शी व्हिस्परिंग?" मला तर शहनाझ नेहमीच्या आवाजात बोलतेय असं वाटत होतं. मग मी नीट ऐकलं. आणि मला कळलं, की गेले चार-पाच दिवस मी तिच्याजवळ वाकून बोलतेय.

शनिवारी आम्ही पुन्हा गेलो. जिथे हरवलं तिथेच शोधायचं, एवढंच डोक्यात होतं.

वादीच्या तोंडाशी तेच कुटुंब होतं. यावेळी मी त्यांच्याकडे लक्ष देऊन पाहिलं. तीन लहान मुलं गोट्यांवरून पळत होती, पडत होती, उठत होती, पण तोंडातून एक शब्द नाही. सगळ्यात धाकटं वळणाकडे जायला लागलं तेव्हा त्याच्या आईनं त्याला हाक मारली नाही. दोन टाळ्या वाजवल्या. मूल लगेच वळलं.

मी रेकॉर्डर आत नेऊन एका चौथऱ्यावर चालू करून ठेवला आणि आम्ही बाहेर आलो. ठरवलं होतं, की आधी जागा एकटी असताना ऐकायची. त्या बाईंनी आम्हाला खुणेनं बोलावलं. छोट्या कपात कडू कॉफी दिली, पुढे खजूर ठेवले.

"शुक्रन," शहनाझ म्हणाली.

बाई थबकल्या. ऐकू आलं नसावं. मग त्या पुढे सरकल्या आणि शहनाझच्या गळ्यावर दोन बोटं अलगद ठेवली, आपण ताप बघतो तशी. वळणाकडे बघितलं. आणि अगदी हळू म्हणाल्या, "मिसकीना."

मिसकीना म्हणजे बिचारी. एवढं अरबी आम्हा दोघींना येत होतं. मी इंग्रजीत, हिंदीत, हातवारे करून विचारत राहिले, की का, काय झालं, आत काय आहे. त्यांनी मान हलवली. नवऱ्यानं शेगडीवर पाणी ओतलं. बघता बघता सामान आवरून, मुलांना गाडीत बसवून ते निघून गेले. कॉफीचे कप आमच्या हातातच राहिले.

"आत जायचं?" मी विचारलं.

शहनाझनं काहीतरी उत्तर दिलं. मला ते ओठांवरून कळलं.

आत तिनं पुष्कळ हाका मारल्या. मानेच्या शिरा फुगलेल्या दिसत होत्या. शेवटी ती एका चौथऱ्यावर बसली आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पाणी वाहत होतं. त्या पाण्याच्या आवाजात मला क्षणभर असं वाटलं, की पुढच्या वळणाआड कुणीतरी बोलताना एकदम गप्प झालं.

रेकॉर्डिंग आम्ही गाडीतच ऐकलं, एकेक हेडफोन वाटून घेऊन.

बराच वेळ नुसतं पाणी. मग एक आवाज. लांबचा, पण ओळखीचा. शहनाझचा.

"अम्मी…"

थोडं थांबून पुन्हा, "अम्मी, जेवलीस?"

शहनाझनं माझं मनगट धरलं.

"अम्मी, जेवलीस? … अम्मी, जेवलीस का? … दही खाल्लं नाही मी… मिरज… मिरजेला… अम्मी, गोळ्या घेतल्यास?"

एकच वाक्य पुन्हा पुन्हा, जरा जरा बदलून. कधी हसून, कधी लाडात. कुणीतरी पाठ करत होतं.

त्यानंतर मी पेपरचा विषय काढला नाही.

बुधवारी सकाळी मिरजेहून कुमुदकाकूंचा फोन आला. त्या शहनाझच्या शेजारच्या, अम्मींचं औषधपाणी बघणाऱ्या. शहनाझनं त्यांना माझा नंबर दिला होता.

"शुभ्रा ना गं तू? शहनाझला सांग, आईला असलं काही सांगत जाऊ नको."

"काय सांगितलं तिनं, काकू?"

"न्यायला येते म्हणाली ना! रोज तासतासभर बोलत असतात दोघी. आता घसा बरा झालाय वाटतं तिचा."

शहनाझ माझ्या समोर बसली होती. फोन स्पीकरवर होता. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"काकू, फोन कुठल्या नंबरावरून येतो?"

"नंबर दिसत नाही. नुसती आडवी रेघ येते. मला वाटलं, तिकडचे फोन असेच असतील… अगं, ते जाऊ दे. काल संध्याकाळी त्या एकट्या काठी घेऊन बाहेर पडल्या. पिशवी भरून. रेल्वे फाटकापाशी आमच्या ह्यांना दिसल्या म्हणून बरं! विचारलं तर म्हणाल्या, 'शहनाझ खालून हाक मारतेय. पुढंच चाललीय.' आज पुन्हा पिशवी भरून बसल्यात बघ."

शहनाझ उठली. गाडीची किल्ली घेतली. दाराशी जाऊन माझ्याकडे बघत राहिली, आणि मी काय ते समजले.

जाण्यापूर्वी मी एकच केलं. कुमुदकाकूंना म्हणाले, "अम्मींना सांगा, शहनाझला हाक मारा. लहानपणी खेळायला गेल्यावर जेवायला बोलवायच्या तशी. ती रेकॉर्ड करून मला पाठवा. आणि आज त्यांना घराबाहेर सोडू नका." हे मला कसं सुचलं, विचारू नका. ज्या कड्याला हाक दिली होती, त्याच्याकडे हाकच घेऊन जावं, एवढंच वाटलं.

दुपारी आम्ही वादीत पोचलो. लख्ख ऊन होतं. सावल्या पायाखाली गोळा झालेल्या. असल्या उजेडात भीती वाटू नये खरं तर. पण पन्हळीतलं पाणी त्या दिवशी आवाज करत नव्हतं. वाहताना दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

मी छोटा स्पीकर चौथऱ्यावर ठेवला आणि अम्मींची हाक लावली.

"शहनाऽऽझ! ये गं आता! ताट वाढलंय, थंड होतंय!"

म्हातारा, चिरकलेला, पण जोरकस आवाज. कड्यावर गेला. परत आला नाही.

आम्ही एकमेकींचे हात घट्ट धरले होते. मी पुन्हा लावली.

"शहनाऽऽझ! ये गं आता!…"

आणि घळीच्या अगदी आतून, जिथवर आम्ही कधी गेलोच नव्हतो, तिथून उत्तर आलं.

"आले, अम्मी."

शहनाझचाच आवाज. आनंदी, धावत येणाऱ्या मुलीचा. मागच्या वळणावरून पुन्हा आला, "आले…" पाऊल वाजत नव्हतं. गोटा हलत नव्हता. फक्त आवाज जवळ येत होता. खजुरांच्या पलीकडून, "आले…" मोडक्या चौथऱ्यावरून, "आले, अम्मी…" आणि मग आमच्या समोर, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, कुणी नसलेल्या जागेतून, थोडा दम लागल्यासारखा,

"आले."

माझ्या तोंडावर गार श्वास आला. सडलेल्या खजुराच्या वासाचा.

शहनाझ वाकली. तिला जोराचा ठसका लागला. पाठ थोपटत मी तिचं नाव घेत होते, पाणी पाजत होते. बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली.

"आले," ती म्हणाली. मोठ्यानं. तिच्या स्वतःच्या तोंडातून.

समोरच्या कड्यानं ते दोनदा परत केलं. आले… आले…

आम्ही मागे न बघता गाडीपर्यंत पळालो. गाडी हायवेला लागल्यावर तिनं रस्त्याच्या कडेला थांबवली आणि मिरजेला फोन लावला. "अम्मी, मी बोलतेय," ती म्हणाली, आणि पलीकडून अम्मी म्हणाल्या, "होय बेटा, ऐकू येतंय." मग दोघी नुसत्याच रडत बसल्या. मी गाडीतून उतरून लांब जाऊन उभी राहिले. ट्रक जात होते, हॉर्न वाजत होते. इतका गोंगाट मला कधी गोड लागला नव्हता.

असाइनमेंट मी मावशीच्या इमारतीच्या गच्चीवर जाऊन उरकलं. सरांनी काठावर पास केलं. शहनाझची बडबड पूर्ववत झाली, शनिवारही पुन्हा सुरू झाले. फक्त डोंगराकडे आम्ही गाडी वळवली नाही.

पण अम्मींना आता एकटं ठेवायचं नाही, हे तिनं ठरवलंच होतं. जानेवारीत व्हिजिट व्हिसावर त्यांना आणलं. शहनाझ शारजाला इतर मुलींबरोबर एका खोलीत राहायची, तिथे सोय कुठली? मावशी म्हणाली, "आमच्याकडे आण सरळ. दोन महिने काय, चार महिने राहू देत." काकांनी विमानतळावरून स्वतः आणलं.

अम्मी बारीक, ताठ बाई होत्या. घरात शिरल्या शिरल्या भिंतीला हात लावत सगळी खोली फिरून घेतली आणि म्हणाल्या, "भिंतीत काय घरघरतंय?" आम्ही सगळे हसलो. त्यांना इथलं सिम घेऊन दिलं. नंबर फक्त मला आणि शहनाझला माहीत.

चार दिवसांनी संध्याकाळी आम्ही तिघी बाल्कनीत बसलो होतो. मावशी आत भाकरी थापत होती. खाली मेट्रोचे दिवे सरकत होते. शहनाझ अम्मींच्या केसांना तेल लावत होती आणि बोलत होती, बोलत होती. अम्मींच्या मांडीवरचा फोन वाजला. मी वाकून बघितलं. नंबर नव्हता. आडवी रेघ.

शहनाझचे हात थांबले.

अम्मींनी सवयीनं बटण चाचपून फोन कानाला लावला. "होय बेटा," त्या म्हणाल्या. "नाही, अजून जेवायचंय… तू?"

"अम्मी," शहनाझ पुटपुटली. "अम्मी, मी इथे आहे… कुणाशी बोलतेयस?"

अम्मींनी फोनवर तळवा ठेवला. त्यांचा चेहरा अगदी शांत होता.

"मला ठाऊक आहे गं, तू इथं आहेस. ती तू नाहीस, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. डोळे गेलेत माझे, कान नाही गेले."

"मग… मग तू तिच्याशी का बोललीस? तिच्यामागे का निघालीस?"

"अम्मी म्हणून हाक मारली तिनं," त्या म्हणाल्या. "कुणाचं तरी लेकरू आहे. तिथं फार दिवस एकटं आहे म्हणतं. 'तुम्ही मला बोलावलंत आणि घेऊन मात्र तिलाच गेलात,' म्हणून रडलं परवा."

शहनाझनं हात पुढे केला, फोन काढून घ्यायला. पण अम्मींनी तो दुसऱ्या बाजूला वळवला, कानाला लावला आणि ऐकत राहिल्या. मग माझ्या दिशेनं तोंड केलं.

"शुभ्रा, तुझी आई नाशिकला एकटीच असते का गं? ही विचारतेय."

माझी आई नाशिकला एकटीच असते. अम्मींना हे मी कधी सांगितलं नव्हतं, शहनाझनंही नाही. मी तोंड उघडलं नाही. माझा आवाज त्या फोनपर्यंत जाऊ नये म्हणून दोन्ही हात तोंडावर धरले, आणि नुसती मान हलवली. नाही, नाही, म्हणून.

अम्मींना ते दिसणं शक्यच नव्हतं. त्या उत्तराची वाट बघत, मान कलती करून तशाच बसल्या होत्या.

पण फोनमधून, अगदी बारीक आवाजात, कुणीतरी म्हणालं, "बरं."